नावाचं बटण

अंगठे बाहेर.

शिशाची चकती. बिस्किटाएवढी, पण उचलायला गेलं की हात खाली ओढणारी. सीटच्या पाठीला बोल्टने बसवतात.

दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली तर माणसं आधी हसतात. असं बाबा सांगायचे, आणि त्यांना ते माहीत असणार.

"काका, मान जरा खाली."

कोरड्या तोंडात रबराची चव.

बायको म्हणते, झोपेत तू एक नाव घेतोस, ते बाईचं असतं तर मला काहीतरी करता आलं असतं.

गाडी एक, माणसं दोन.

हे असं तुकड्यातुकड्यांनीच आलं, कारण मी तेव्हा कापडाखाली होतो. सलूनमधलं काळं कापड गळ्याभोवती आवळलं की माणसाला हात उरत नाहीत. असतात, पण खाली कुठेतरी, दुसऱ्याच्या मांडीवर ठेवल्यासारखे. दुपारी आमच्या शर्यतीच्या संघाच्या मालकाने बोलावलं होतं. पुढच्या वर्षी संघात एक हौशी उद्योगपती येणार, स्वतःचा पैसा घालून स्वतः गाडी चालवणार आणि त्याच्या जोडीला आम्हा दोघांपैकी एकालाच ठेवणार, हे गॅरेजात झाडू मारणाऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. कोणाला ठेवणार ते आज सांगायचं होतं. काढून टाकलेल्या माणसानेही नीटनेटकं दिसावं, असा काहीतरी विचार करून मी केस कापायला आलो होतो. सलूनवाला पोरगेलासा, दाढीला टोक काढलेला, शर्यतींचा भक्त. तो मला ओळखतो. म्हणजे तो माझ्या जोडीदाराला ओळखतो आणि त्या ओळखीच्या कडेला मी उभा असतो. "काका, जोडीदाराचा तुमच्या लॅप पाहिलात ना तो?" असं म्हणत त्याने माझ्या मागच्या भिंतीवरच्या टीव्हीवर तो लावलासुद्धा. कात्री कानामागे होती. मान वळवायची सोय नव्हती. समोर आरसा, आरशात टीव्ही, आणि टीव्हीत जोडीदाराचा, म्हणजे पिसूचा, लॅप.

तो मी पाहिलेला नव्हता. कोणाला पटणार नाही, पण सहा तासांची ती शर्यत संपल्यापासून, ज्या लॅपबद्दल जग बोलत होतं तो फक्त मीच पाहिला नव्हता. त्या दिवसातला सगळ्यात वेगवान लॅप, ट्रॅकची एक आख्खी फेरी सगळ्यात कमी वेळात. पडद्यावर पिसूचं नाव, खाली जांभळ्या रंगात वेळ. संघाच्या पत्रकात तो आला, मेकॅनिक लोकांच्या फोनमध्ये आला, विमानात पुढच्या सीटवरचा माणूस तोच बघत होता, बायकोच्या भावाकडे जेवायला गेलो तर तिथेही भावाने ताटावरून उठून फोन आणला. कोणी खिशाकडे हात नेला की मी हात धुवायला जायचो. इतके हात धुतले की बोटं सोलली. मला वाटे, पाहिला तर तो माझ्या डोळ्यांत जाऊन बसेल आणि पुढे प्रत्येक वळणावर मी त्याच्या मागून जात राहीन. मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात. माझ्या बाबतीत तसं नव्हतं, मी स्वतःहून डोळे मिटून घेतले होते. आणि मग बाबांचा फोन. बाबा फोनवर तब्येतीपासून सुरुवात करतात. त्या दिवशी केली नाही. "पिसूचा लॅप बघितलास का?" म्हणाले. मी म्हटलं, हो, बघितला. "परत बघ. शिकण्यासारखं आहे." उठताना माझे गुडघे वाजतात. मी अजून शिकतोच आहे.

पिसू हे त्याचं नाव मी ठेवलं आणि शिडी हे माझं त्याने. दोघेही शाळकरी, ज्या वयात दुसऱ्याच्या शरीराला नाव ठेवणं हेच बोलणं असतं. आमच्या गावाबाहेर विमानांची जुनी धावपट्टी होती, तिच्यावर टायर रचून कार्टचा ट्रॅक केलेला. कार्ट म्हणजे चार चाकं, एक पाटा आणि ढुंगणाखाली जमीन. तिथे नियम असा, की कार्ट आणि त्यात बसलेलं पोर मिळून ठरावीक वजन भरलं पाहिजे. कमी भरलं तर शिसं लावायचं, जास्त भरलं तर तुमचं नशीब. पिसू इतका हलका की त्याला शिशाच्या चकत्या लावाव्या लागत. आणि शिसं कुठेही लावता येतं. खाली, मागे, डाव्या अंगाला, जिथे कार्टला हवं तिथे. माझं वजन मात्र माझ्याच अंगावर होतं, उंच, हाडाहाडांत वाटलेलं. ते काढून सीटखाली ठेवता येत नव्हतं. मी जेवण सोडलं. शर्यतीच्या सकाळी बर्फाचा खडा चघळून वजनकाट्यावर उभा राहायचो आणि बाजूला पिसू दोन्ही हातांनी पाव खात असायचा, वर विचारायचा, शिडी, देऊ का तुकडा? त्याच्या मनात काही नसायचं. मनात काही नसणं हेच मला सहन व्हायचं नाही. अजूनही स्वप्नात मला शर्यत दिसत नाही. त्या चकत्या दिसतात, रांगेने मांडलेल्या, करड्या, थंड. त्याच्याकडे जे कमी होतं त्याचीही सोय होती, आणि माझ्याकडे जे जास्त होतं त्याची कुठेच नव्हती.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. माझे मेकॅनिक तेच. एकदा कुठल्याशा चाकात त्यांचा अंगठा अडकून मोडला होता, तो पुढे कधी पुरता वाकला नाही, त्यामुळे त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली: स्टिअरिंग धरताना अंगठे आत गुंडाळायचे नाहीत, कडेवर बाहेर ठेवायचे, चाक आदळलं आणि स्टिअरिंग उलटं फिरलं तर अंगठा वाचतो. अंगठे बाहेर, असं ते हेल्मेटवर टकटक करून सांगायचे. पिसूला कोणी शिकवलं नव्हतं. त्याचे वडील मोठे व्यापारी, पोराला ड्रायव्हरबरोबर पाठवायचे, ट्रॅकवर आलेले मी पाहिले नाहीत. तो स्टिअरिंग मुठीत आवळायचा, डब्याचं झाकण उघडल्यासारखं. एका रविवारी माझी फेरी संपली, मी कार्ट आत आणलं, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं. बाबा कठड्यापाशी माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं आणि ते चालू होतं. ट्रॅकवर एकटा पिसू होता. मी हाक मारली नाही. तो रेषेवरून गेला तसं बाबांनी बटण दाबलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हसले. कोणासाठी नाही, स्वतःशीच, एखादी बिघडलेली लिफ्ट अचानक गुळगुळीत वर जावी तसं. मग वळले, मला पाहिलं, म्हणाले, आलास का? त्यानंतर माझ्यावर त्यांनी लाख वेळा घड्याळ लावलं असेल. त्या हसण्याची वाट मी बघत राहिलो. म्हणजे, बघतो.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. कार्टमधून एकआसनी गाड्या. तो आधी, मी मागून. त्या शिडीच्या (माझ्या नावाचा असा उपयोग मला आवडत नाही) अगदी वरच्या पायरीवर मोजकीच माणसं मावतात. तिथे त्याचाही पाय पोचला नाही, माझाही नाही. त्याला एका पायरीने हुकलं, मला तीन पायऱ्यांनी. न पोचलेल्यांच्या त्या दोन अंतरांत फरक कोणाला दिसत नाही, आम्हाला दिसतो. मग लांब पल्ल्याच्या स्पोर्ट्स कार. तिथे गाडी तासन्‌तास पळते, माणूस तेवढा पळू शकत नाही, म्हणून एका गाडीला दोघं-तिघं. ज्यांचं वर जायचं राहून गेलं त्यांना जोडीने बसवायची जागा. आणि एवढ्या मोठ्या जगात मला जोडी मिळाली ती पिसूची. मालक म्हणाला होता, लहानपणची दोस्ती आहे म्हणून घेतोय तुम्हाला एकत्र. आम्ही दोघांनीही मान हलवली.

शर्यतीच्या मध्येच गाडी पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या थांब्यावर, येते, एकाने उडी मारून बाहेर यायचं, दुसऱ्याने आत शिरायचं, आणि बाहेर आलेल्यानेच आत गेलेल्याचे पट्टे आवळायचे, कारण हेल्मेट, मानेची चौकट आणि हातमोजे घालून ते स्वतःला जमत नाही. खांद्यावरचे दोन, कमरेचे दोन, मांड्यांमधून येणारे दोन. जगात मी बायकोचं काही बांधून दिलेलं नाही, पण पिसूला वर्षानुवर्षं बांधतो आहे. त्याच्या डाव्या खांद्याचं हाड एकदा मोडून वाकडं जुळलंय, म्हणून डावा पट्टा बोटभर सैल लागतो. त्याच्या घामाला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. सीट माझ्या मापाची, कारण मोठ्या माणसाच्या मापाची करावी लागते. तो बसणार असला की तिच्यात त्याचा फोमचा साचा ठेवतात, आणि तो माझ्या आकाराच्या आत बसून माझ्यापेक्षा वेगात निघून जातो. मी पट्टे आवळून हेल्मेटवर थाप मारतो. थाप म्हणजे सगळं ठीक. कधीकधी ती जरा जोरात बसते.

तर आरसा.

आरशात ट्रॅक उलटा होता. हे लक्षात यायला वेळ लागला. मी इतक्या वेळा चालवलेला तो ट्रॅक, पण उजवी वळणं डावी झालेली, चढावरचा खांब दुसऱ्या अंगाला, आणि त्यामुळे तो कुठलाच ट्रॅक नव्हता. कोणीतरी कुठेतरी जात होतं, एवढंच. डोक्याच्या जरा मागून घेतलेलं चित्र. हेल्मेटची कड, स्टिअरिंग, संघाचे पांढरे हातमोजे. आवाज बारीक ठेवलेला. आणि मी, ज्याने हा लॅप टाळण्यासाठी बोटं सोलून घेतली होती, तो बघत राहिलो. कारण तो सुंदर होता. मला दुसरा शब्द नाही. ब्रेक इतका उशिरा की कापडाखाली माझा पाय दाबला गेला. आणि तरी कुठे ओढाताण नाही, गाडी वळणात सोडून दिल्यासारखी, आपण होऊन कडेला टेकून परत येणारी. तिसऱ्या वळणाला, जिथे सगळे थांबून वाट बघतात, तिथे याने वाट बघितलीच नाही. गाडी वळायच्या आत हा वळला होता. राग म्हणावा तर राग नव्हता. वाटलं, आयुष्यभर मी ज्याच्यावर जळलो तो खरंच जळण्यालायक आहे, आणि त्यात एक विचित्र विसावा होता. निदान माझी आग तरी फुकट गेली नव्हती. बाबा बरोबर होते. बाबा त्या रविवारीसुद्धा बरोबर होते. सलूनवाला कात्री थांबवून बघत होता. "बघा, बघा, आता बघा," तो पुटपुटला. सरळ रस्ता आला. पडद्यावरच्या माणसाने पकड ढिली केली, बोटं एकदा पसरली, परत मिटली. अंगठे बाहेर होते.

मी ते पाहिलं आणि मला कळलं नाही. मग कळलं, पण डोक्याला नाही, कापडाखाली. माझे हात खुर्चीच्या दांड्या धरून होते आणि त्यांचे अंगठे कडेवर बाहेर होते. पिसू मुठीत आवळतो. पिसू अजूनही झाकण उघडतो. सलूनवाल्याला म्हटलं, मागे घे. तो म्हणाला, कात्री? म्हटलं, लॅप.

गाडीत बसलं की स्टिअरिंगवरचं एक छोटं बटण दाबायचं असतं. त्याने वेळेच्या पडद्यावर नाव बदलतं: आता हा नाही, आता तो. कारण गाडीला काय माहीत आत कोण आहे? सहा तासांच्या त्या शर्यतीत शेवटच्या टप्प्याला मी बसलो. पेट्रोल थोडंच घातलेलं, टायर नवे, ऊन उतरायला लागलेलं. पिसूने पट्टे आवळले, थाप मारली. रेडिओची वायर मात्र हेल्मेटला बसेना. मी ती चाचपडत राहिलो, बसली नाही, दिवा हिरवा झाला, मी निघालो. कानात कोणी नाही. वेळ सांगणारं, हळू म्हणणारं, पिसू इथे एवढा वेगात होता म्हणणारं कोणी नाही. काही लॅपनंतर पिटच्या कठड्यावरून त्यांनी पाटी दाखवली, तिच्यावर घाईघाईने लिहिलेलं: नाव. एवढ्या वेगात जाताना 'नाव' असं वाचल्यावर माणूस काय समजेल? मला आधी होडी आठवली. पुढच्या फेरीला उजेड पडला आणि मी बटण दाबलं. तोवर मी पिसू होतो. आणि पिसू असताना, कोणाच्याही नजरेत नसताना, मी तो लॅप मारला होता. तो मला आठवत नव्हता. अजूनही आठवत नाही. त्या टप्प्यातलं मला आठवतं ते शेवटचं: टायर संपलेले, गाडी साबणावर, आमच्या तिसऱ्या नंबरचे आम्ही चौथे झालो ते. त्याबद्दल मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो, की टायरचा तो संचच खराब होता.

मी उठलो. अर्ध्या डोक्याचे केस कापलेले, अर्ध्याचे नाहीत, गळ्यात काळं कापड, तसाच फुटपाथवर आलो आणि संघाच्या इंजिनियरला फोन लावला. इंजिनियर बाई आहेत, बोलतात कमी, आणि जे बोलतात ते आधी आकड्यांत करून मग शब्दांत आणतात. समोरून एक बाई मुलाचा हात धरून येत होती, ती मला बघून रस्ता ओलांडून गेली. मी इंजिनियर बाईंना विचारलं, तो लॅप कोणाचा? त्या म्हणाल्या, कुठला? म्हटलं, पिसूचा.

"तुझा. असं काय विचारतोस? तूच होतास ना आत?"

मी म्हटलं, सगळीकडे त्याचं नाव आहे. त्या म्हणाल्या, ते टीव्हीवाल्यांचं. आम्ही त्याच संध्याकाळी दुरुस्त करून पाठवलं, पण तोवर त्यांचं जगभर गेलं होतं. संघाच्या पत्रकातही तेच का, विचारलं. ते जाहिरातवाल्या पोराने टीव्हीवरून उचललं, त्याला गाडीची दारं किती तेही माहीत नाही. मालकांना ठाऊक आहे? "अरे, सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला वाटलं तू मोठ्या मनाने गप्प बसलायस." मोठ्या मनाने. मी कापडाच्या टोकाने कपाळ पुसलं. केस डोळ्यात गेले. मग मी तो प्रश्न विचारला जो विचारायला नको होता. म्हटलं, मग आजच्या निर्णयात तो धरणार की नाही?

"टायर खराब नव्हते," त्या म्हणाल्या. "तू ते पहिल्या तीन लॅपमध्ये खाऊन टाकलेस. आम्ही ओरडत होतो, तुला ऐकू येत नव्हतं. असला लॅप मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही. पण आपल्याला गाडी पोचवायची असते रे."

एकाच दमात त्यांनी मला तो लॅप दिला आणि काढून घेतला. रागावताही येईना. ज्याच्यावर मी इतके दिवस जळत होतो तो मी, आणि ज्याने माझा तिसरा नंबर घालवला तोही मीच. दोघांची भेट घालून द्यायची तर दोघंही एकाच कापडाखाली, फुटपाथवर. अशा वेळी माणसाने हसावं. मी बाबांना फोन लावला.

"बाबा, तो लॅप माझा आहे."

"कुठला?"

"पिसूचा."

मी सगळं सांगितलं. बटण, वायर, पाटी. बाबांचा जन्म बटणांत गेला, त्यामुळे ते तेवढ्यावरच अडकले. बसल्या बसल्या दाबायचं असतं का, दिवा लागतो का, लागत असेल तर दिसला कसा नाही. मग म्हणाले, थांब, परत बघतो. पलीकडे खुर्ची सरकली, काहीतरी पडलं, आणि मग फोनमधून इंजिनचा आवाज यायला लागला. मी उभा राहिलो. तो लॅप मी आरशात पाहिला होता, आता कानाने ऐकत होतो, आणि मधे बाबांचा श्वास. मला वाटतं, हे ऐकायची तयारी व्हावी एवढ्या वयाचा मी कधी झालोच नाही. रस्त्याला पाठ करून मी सलूनच्या काचेकडे तोंड केलं. आवाज थांबला. बाबा हसतायत का ते ऐकू येत नव्हतं.

"तिसऱ्या वळणाला," ते म्हणाले, "जरा घाई केलीस."

"पिसूचा होता तेव्हा नव्हती घाई?"

"तेव्हा मला वाटलं, त्याने मुद्दाम केलंय."

त्यांनी हे दुखवायला म्हटलं नाही. मला माहीत आहे, बाबा दुखवायला कधीच काही म्हणत नाहीत, ते दुरुस्त करायला म्हणतात. आपल्या घरच्या लिफ्टचा आवाज कानाला ऐकू येतो, दुसऱ्याच्या इमारतीतली नुसती वर जाते. मी म्हटलं, हो, झाली थोडी घाई. ते म्हणाले, जेवलास का? आत जाऊन खुर्चीत बसलो. सलूनवाल्याने उरलेले केस कापले. त्याला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तोंडदेखलं मानलं असतं आणि मी गेल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला असता, काकांचं बिचाऱ्यांचं डोकं फिरलंय. त्याने आरसा मागे धरून मान दाखवली. मान ठीक होती.

गॅरेजच्या आवारात पिसूची गाडी उभी होती, काच खाली, तो आत बसलेला. मालकाशी त्याची भेट आधी झाली होती तर. आता त्याच्याही कानाजवळ पांढरं आहे, पण बसतो अजून तसाच, सीटवर ठेवलेला, पाय जेमतेम पोचल्यासारखा. मला बघून त्याने इंजिन बंद केलं. शिडी, केस बरे कापलेत, म्हणाला. मी खिडकीवर हात ठेवून विचारलं, तुला माहीत होतं? काय ते त्याने विचारलं नाही. मान हलवली.

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या बाबांचा फोन आला रे." तो समोरच्या काचेतून बघत होता. "शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी. किती वेळ बोलले. एकेक वळण घेऊन बोलले. मला असं कोणी... मी काय म्हणणार होतो, काका, राँग नंबर?"

जे जागं झालं ते मी ओळखलं. जुनंच जनावर, फक्त कूस बदलत होतं. बाबांनी त्याला फोन केला होता. एकेक वळण. मला त्यातलं एकच मिळालं, तिसरं. आणि तरी त्याचं ते अर्धवट सोडलेलं वाक्य. कठड्यापाशी कधी कोणी घड्याळ घेऊन उभं नसलेल्या पोराचं. मला त्याची कीव येणार की काय असं वाटलं, आणि मी घाईघाईने मत्सराकडे परत आलो, तिथे निदान उभं कसं राहायचं ते मला माहीत होतं. तो म्हणाला, रोज सिम्युलेटरवर बसून तो लॅप मारून बघतोय, जमत नाही. बाकी सगळं येतं, तिसरं वळण येत नाही. तू तिथे नेमकं काय करतोस?

"घाई," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, थट्टा करतोय का म्हणून. मग त्याची नजर माझ्या हाताकडे गेली, खिडकीच्या कडेवर होता त्याकडे. त्याने आपला हात स्टिअरिंगवर ठेवला, अंगठा उचलला, बाहेर ठेवून पाहिला, आणि न जमल्यासारखा परत आत घेतला.

"मी त्यांना सांगितलं आत," तो म्हणाला. "तो लॅप शिडीचा आहे म्हणून."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माहीत आहे."

आणखी काहीतरी त्याच्या तोंडाशी आलं होतं. ते तसंच राहिलं. तो म्हणाला, जा, वाट बघतायत. मी मालकाच्या खोलीकडे चालायला लागलो. आवारात आमची गाडी ताडपत्रीखाली होती. एका बाजूने ताडपत्री वर गेलेली, दारावर आमची दोन नावं, त्याचं वर, माझं खाली, एकाच मापाच्या अक्षरांत. तिथे मी थांबलो. मला खात्रीने सांगता येत नाही, पण मला वाटतं मी त्या वेळी बाबांनी लॅप परत तिसऱ्यांदा लावला असेल का याचा विचार करत होतो. मग दार ढकललं.

तो लॅप व्हायच्या कितीतरी आधी, त्याच वर्षीच्या पहिल्या शर्यतीहून परत येताना मालक आणि पिसू एकाच विमानातून उतरले होते. बॅगा यायला उशीर झाला, आणि बॅगांच्या पट्ट्यापाशी उभ्या उभ्या बोलताना मालकाने पुढच्या वर्षाची जागा पिसूला देऊन टाकली होती.